सुईमोडी

कट्ट असा आवाज झाला आणि मशीन जागच्या जागी अडलं.

"मोडली?" पलीकडून सासूने विचारलं.

"मोडली, आई."

"आत्ताच तर घातली होतीस."

"हो."

"तुझा हातच जड आहे बाई. त्याला मशीन तरी काय करणार!"

सुनेने कापडावरचा दाब उचलला, जाड झोळी बाजूला ओढून घेतली आणि शिवणीत रुतलेलं सुईचं टोक पकडीने उपटून काढलं. ते तिने पत्र्याच्या झाकणात टाकलं. झाकणात आधीच अशी बरीच टोकं पडली होती. मग स्क्रू सैल करून सुईचं वरचं बूड काढलं, नवी सुई लावली, दोरा ओवला. तेवढ्या वेळात तिच्या कमरेतून एक कळ मांडीपर्यंत उतरून गेली. तिने पाय जरा लांब केला आणि परत मशीनचा पायटा हाणायला लागली.

यंदा पाऊस लांबला होता. कापूस उशिरा फुटला आणि फुटला तो सगळा एकदमच. रानं पांढरी झाली, आभाळ मात्र अजून काळवंडलेलंच. पुन्हा सर आली तर सगळा माल मातीत जाणार, म्हणून मुकादमाने मिळेल तिथून वेचायला माणसं गोळा केली होती. माणसं आली, पण त्यांच्या कमरेला बांधायला झोळ्या पुरेनात. तेव्हा मुकादम जाड कापडाचे गठ्ठे घेऊन मशीन असलेली घरं शोधत फिरला, आणि त्यातला मोठा गठ्ठा या घराच्या ओट्यावर येऊन पडला.

सुनेला तर तो गठ्ठा म्हणजे देवच पावला असं वाटलं होतं. मागच्या हंगामात ती कापसाच्या ट्रॉलीवरून खाली पडली होती. कमरेचं हाड जुळलं, पण नीट जुळलं नाही. भरलेली झोळी कमरेला बांधून दिवसभर वाकून ओढायची म्हणजे काय, हे ज्याने ओढलीय त्यालाच माहीत. तिने ती वर्षानुवर्षं ओढली होती. आता घरात बसून शिवायचं काम मिळालं होतं, आणि ते टिकवायचं तर सुया टिकायला हव्या होत्या.

मशीन सासूचं होतं. ऐन तारुण्यात पोरं पदरात असताना तिने ते स्वतःच्या कष्टाने घेतलं होतं, आणि त्याच्यावर घर चालवलं होतं. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तरी ती रोज सकाळी चहा झाला की चाचपडत येऊन मशीनच्या मागे स्टुलावर बसायची आणि शिवलेलं कापड मागून ओढून घ्यायची. आपल्या काळात ती डाव्या हाताने मागून ओढायची आणि उजव्या हाताने पुढून सोडायची. सुनेला लग्नानंतर तिने हेच शिकवलं होतं. "मागून ताण पाहिजे. ताण नसला की टाका पसरतो," असं ती म्हणायची. आता डोळे गेल्यावर ताण द्यायचं काम तिने स्वतःकडे ठेवलं होतं, आणि ते ती जीव लावून करायची. हातात जोर अजून असा होता की भरलेली बादली एका हाताने उचलेल.

आणि सुया मोडत होत्या.

सुनेने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. बारीक सुई टाकून जाड सुई घातली. सुईची सपाट बाजू बरोबर बाजूला आहे ना, सुई पार वरपर्यंत गेली आहे ना, हे बोटाने चाचपून पाहिलं. स्क्रू पकडीने आवळला. कमरेच्या पट्ट्याचा जोड येतो तिथे कापडाचे थर एकावर एक चढतात, तो जोड शिवायच्या आधी दगडाने ठोकून ठोकून चपटा केला. वरून साबणाची वडी घासली, म्हणजे सुई सरकन आत जाईल. बॉबिनची डबी काढून आतली कापसाची धूळ फुंकली, तेल सोडलं. जोडावर आली की पायटा सोडून चाक हाताने फिरवलं. सगळं करून झालं की मशीन थोडा वेळ बरं चालायचं, आणि तिच्या मनात आशा जागते न जागते तोच कट्ट.

शेवटी तिने नवऱ्याला बाजाराच्या गावी मिस्त्रीकडे पाठवलं. नवरा ट्रॅक्टर चालवायचा. त्याला घरात आणि बाहेर सगळे ड्रायव्हरच म्हणायचे, त्याची आईसुद्धा.

"मिस्त्री काय म्हणाला?"

"म्हणाला, मशीनला काही धाड भरलेली नाही. हिवाळ्यात त्यानेच कापड पुढे सरकवणारे दात बदलून दिले होते ना, ते अजून नवे आहेत. म्हणाला, शिवणाऱ्याचं काहीतरी चुकतंय."

"हे त्याने बघून सांगितलं?"

"न बघताच सांगितलं. पण फार ठामपणे सांगितलं," ड्रायव्हर म्हणाला आणि पाय पसरून बसला.

सासूने नाक मुरडलं. "दात बदलले म्हणे. जुने दात पार गुळगुळीत झाले होते, तरी मी गावाचे कपडे शिवले. फुकटचा खर्च केलात. मशीनला दात नसले तरी चालतं, हाताला यश लागतं."

यश हा शब्द सुनेला झोंबला. असे शब्द घराच्या भिंतीत राहत नाहीत. वेचायला जाणाऱ्या बाया पहाटे याच रस्त्याने जायच्या आणि झोळ्या न्यायला ओट्यावर टेकायच्या. त्यांनी सासूचं बोलणं ऐकलं आणि सुनेला नाव ठेवलं, सुईमोडी. आधी एक जण हसत म्हणाली, मग सगळ्याच म्हणायला लागल्या.

"काय सुईमोडे, आज किती?"

"अगं, हिच्या हातात फावडं दिलं तर फावडं मोडेल!"

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. दिवसभर वाकायचं असतं, तेव्हा माणूस सकाळी जे मिळेल त्यावर हसून घेतो. सूनही त्यांच्याबरोबर हसायची. त्या गेल्या की मात्र तिचा चेहरा उतरायचा.

मग एक दिवस ड्रायव्हर आईला डोळे दाखवायला घेऊन गेला. सुनेने एकटीनेच मशीन धरलं. मागे धरायला कुणी नव्हतं, म्हणून तिने मशीनच्या मागे लाकडी पेटी सरकवली आणि तिच्यावर गोधडीची घडी ठेवली, म्हणजे जड झोळी खाली लोंबणार नाही. आज तर सुयांचा फडशा पडणार, असं म्हणत तिने सुयांची पुडी जवळ घेऊन ठेवली.

पहिली झोळी झाली. दुसरी झाली. पट्ट्याच्या जोडावर मशीन जरा गुरगुरलं आणि पुढे गेलं. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं तरी पुडी उघडायची वेळ आली नव्हती. सुनेला इतका आनंद झाला की ती पायटा मारता मारता गुणगुणायला लागली. किती दिवसांनी आपण गुणगुणतोय, हे तिला स्वतःलाच नवल वाटलं.

आणि एकाएकी तिचा पाय थांबला.

ती समोर पेटीकडे बघत राहिली. कापड आपोआप सरकत जाऊन गोधडीवर निवांत पडत होतं. त्याला कुणी ओढत नव्हतं. तिने डावा हात मागे नेला, सासू धरायची तसं कापड धरलं, तिने शिकवला तसा ताण दिला आणि पायटा मारला. सुई खाली जाताना मागे वाकली, खालच्या लोखंडी पट्टीवर आपटली आणि कट्ट. तुटलेलं टोक उडून तिच्या गालाला लागलं.

तिने गाल चोळला नाही. सगळं तिच्या ध्यानात आलं होतं. दात झिजले होते तेव्हा मशीन कापड पुढे नेत नव्हतं, म्हणून सासू हाताने ओढायची, आणि ओढता ओढता तोच तिचा हात झाला. नवे दात आले तरी हात जुनाच राहिला. पातळ कपड्यात ते निभावलं. या जाड कापडात दात एका चालीने नेतात आणि सासू भलत्याच जोराने ओढते, आणि मधल्यामध्ये सुईचा जीव जातो. सुनेला आधी हसू आलं, मग राग आला. तो असा आला की तिने पुडी भिंतीवर फेकली, आणि मग वाकून एकेक सुई वेचत बसली.

संध्याकाळी सासू आली की सांगायचंच, असं तिने ठरवलं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले.

सासू आली ती ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून. ओट्यावर टेकली आणि पाणी मागितलं. ड्रायव्हरने बायकोकडे बघून नुसती मान हलवली.

"सांग की तिला," सासू म्हणाली. "मान काय हलवतोस? मला दिसत नाही, पण कळतं. डॉक्टर म्हणाला, आता काही होणार नाही. आहे तेवढा उजेडपण जाणार." ती पाणी प्यायली आणि तिने भांडं चाचपून खाली ठेवलं. "जाऊ दे. हात आहेत ना अजून. मागून कापड ओढायला डोळे कशाला लागतात?"

सुनेने जुळवलेले शब्द बाजूला ठेवले आणि भांडं उचलून आत नेलं.

नंतर गोठ्यापाशी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो तोंड उघडं टाकून ऐकत राहिला.

"तुम्ही सांगा आईंना," ती म्हणाली.

"मी? माझं डोकं फिरलंय का?"

"मग मी सांगू?"

"आज नको. आज तिला..." तो थांबला. "तू बघ काहीतरी युक्ती."

नवऱ्याच्या या 'तू बघ'वर तिने घर केलं होतं. पुढेही तेच करायचं होतं.

तिने युक्त्या केल्या. झोळीचं टोक पेटीत अडकवून ठेवलं. सासू म्हणाली, हे काय मध्ये आलंय, आणि पेटी पायाने दूर ढकलली. तिने एकदा हळूच सुचवलं, "आई, तुम्ही बॉबिन भरून देता का? तुमचा हात त्यात छान चालतो."

"बॉबिन पोरीसुद्धा भरतात," सासू म्हणाली. "मला काम दे, खेळणं नको."

मग सुनेने ते सोडून दिलं. सासू ओढायची, सुई मोडायची, सासू बोलायची, आणि सून नवी सुई घालायची. पण आता ते बोलणं जास्त जड जायचं, कारण आता तिला खरं काय ते माहीत होतं. एखादे वेळी रागाच्या भरात तिला वाटायचं, ओरडावं, तुमच्यामुळे, तुमच्यामुळे मोडतायत. ती ओठ दाबून चाक फिरवायची.

आणि मग व्हायचं ते झालं. एका झोळीच्या शिवणीत सुईचं टोक राहून गेलं आणि वेचणाऱ्या बाईच्या तळहातात घुसलं. मुकादम दुपारीच ओट्यावर येऊन उभा राहिला. हातात ती झोळी होती.

"वहिनी, हे काय आहे?" त्याने टोक पुढे धरलं. "त्या बाईचा हात सुजलाय. ऐन घाईत एक माणूस कमी झालं."

"चूक झाली, मुकादम."

"तुमचं काम सुबक आहे, माझी तक्रार नाही. पण परत असं झालं तर कापड दुसऱ्या घरी टाकीन. मग तुम्ही या वेचायला. माणसं लागतातच." तिच्या पायाकडे नजर गेली तसा तो जरा ओशाळला, पण बोललेलं परत घेतलं नाही.

तो गेल्यावर सासूने मशीनवर हात ठेवला. मग म्हणाली, "माझ्या मशीनने कुणाला जखम केली नव्हती आजवर. ड्रायव्हर, ताईला निरोप दे. मशीन तिच्याकडे जाऊ दे. तिचा हात माझ्यावर गेलाय."

"आई, मी वेचायला कशी जाणार?" सुनेचा आवाज फुटला.

"ते मला कळत नाही का? पण तुझ्या हाताला मशीन लागत नाही, त्याला मी काय करू?"

ताई म्हणजे नणंद, शेजारच्याच गावात दिलेली. ती आली तीच मशीन बांधायला सुतळी घेऊन. तोंडाने म्हणाली, "वहिनी, तू मनाला लावून घेऊ नकोस," आणि डोळ्यांनी मशीनचं टेबल ट्रॉलीत कसं बसेल ते मापत राहिली. ड्रायव्हर बाहेर ट्रॅक्टरशी उगाचच काहीतरी खटपट करत होता.

मुकादमाच्या गठ्ठ्यातली एक झोळी अर्धी शिवलेली मशीनवरच होती.

"थांबा," सासू म्हणाली. "एवढी मी पुरी करते. ताई, तू पण बघून घे. ताण कसा द्यायचा ते बघ. सूनबाई, तू मागे बस."

नणंदेने दोरा ओवून दिला. सासू मशीनपुढे बसली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पायट्यावर पाय ठेवले. सून मागे, सासूच्या रोजच्या जागेवर जाऊन बसली.

"ओढून धर. सैल सोडू नकोस."

सुनेने कापडाला हात लावला. आता नुसतं शिकवल्याप्रमाणे ओढायचं होतं. एकदाच. सुई सासूच्या हाताखाली मोडली असती, नणंदेच्या देखत मोडली असती, आणि मशीन घरात राहिलं असतं. यात तिची काही लबाडीही नव्हती, सांगितलं तेच तर करायचं होतं. तिची बोटं कापडावर आवळली. समोर सासू मान ताठ करून बसली होती. डोळे मशीनकडे नव्हतेच, दाराच्या उजेडाकडे होते. कपाळावर घाम होता. लग्नात नवरी बसते तशी ती अंग चोरून, जपून बसली होती.

सुनेने बोटं सोडली. तळवे वर करून तिने कापडाखाली धरले आणि नुसतं ओझं पेललं.

मशीन चालू झालं. टाका पडत गेला. पट्ट्याचा जोड आला, मशीन गुरगुरलं आणि पार झालं.

"बघा!" सासू म्हणाली. तिचा आवाज एकदम तरणा झाला होता. "अशी शिवतात झोळी."

"आईच्या हाताची गोष्टच वेगळी," नणंद म्हणाली.

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण काय गमावलं ते तिला नीट कळत होतं. उद्या पहाटे कमरेला झोळी बांधायची.

सासू मात्र थांबली नाही. तिचा पाय हळू झाला, आणखी हळू झाला. तिने डावा हात सुईच्या अगदी जवळ नेऊन कापडावर ठेवला आणि चाक उजव्या हाताने थोडं थोडं फिरवलं. बोटांखालून कापड सरकत होतं. मग तिने डावा हात मशीनच्या वरून मागे घातला, चाचपडत कापडाच्या कडेने नेला, आणि तो सुनेच्या उघड्या तळव्यावर येऊन थांबला.

"तू ओढत नाहीयेस," ती म्हणाली.

"नाही, आई."

"मी सांगितलं तरी."

सुनेने तळवे तसेच कापडाखाली धरून ठेवले.

सासूने पुन्हा चाक फिरवलं. कापड आपलं आपण पुढे गेलं. तिने पुन्हा फिरवलं.

"घेतंय गं हे," ती हळूच म्हणाली. "दात घेतायत." मग तिने चाक सोडलं. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"तुम्ही डॉक्टरकडे गेला होतात ना, त्या दिवसापासून."

"आणि तेव्हापासून मला ओढू दिलंस? एवढ्या शिव्या खाल्ल्यास?"

"तुम्ही म्हणालात, हात आहेत अजून..."

नणंद दोघींकडे बघत होती. सुतळी तिच्या हातातच होती. "म्हणजे आता काय? ट्रॅक्टर उभा आहे बाहेर."

"ट्रॅक्टर उभाच राहू दे, त्याला काही खायला लागत नाही," सासू म्हणाली. "मशीन हलणार नाही. तू जेवून जा."

नणंद फणकाऱ्याने आत गेली आणि भांडी वाजवायला लागली. सासू मशीनपुढून उठली. उठताना तिने मशीनचा आधार घेतला, आणि सुनेला पहिल्यांदाच ती फार म्हातारी दिसली. ती चाचपडत मागे आली, सुनेला पुढे जायला सांगितलं आणि आपल्या जागेवर बसली. हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. ते मांडीवर नुसते पडून राहिले.

"दात झिजले होते तेव्हाची गोष्ट आहे," ती कुणाला तरी सांगावं तसं म्हणाली. "तेव्हा ओढावंच लागायचं."

"हो, आई. तेव्हा तुमच्यामुळेच चाललं हे मशीन."

"लाडीगोडी लावू नकोस." तिने दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. "असे धरायचे?"

"असेच. नुसतं ओझं पेलायचं. ते पेललं नाही तर मला एकटीला जमत नाही."

ते खरंही होतं. सुनेने झोळी त्या हातांवर सोडली. बोटं कापडावर मिटायला बघत होती. ओढायची सवय बोटांत भरून राहिली होती आणि म्हातारी ती तिथेच अडवून धरत होती. ओढण्यापेक्षा ते अवघड होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पायटा हलायला लागला. बाहेर रानातून बाया परतत होत्या, अंगाला कापूस चिकटलेल्या. ओट्यापाशी आल्या तशी त्यांतली एक रोजच्यासारखी ओरडली, "काय सुईमोडे, आज किती मोडल्या?"

सुनेचा पाय थांबला. ती हसायची तयारी करत होती, तेवढ्यात मागून सासूचा आवाज आला. त्या जुन्या, गाव दणाणून सोडणाऱ्या आवाजात ती म्हणाली, "सुईमोडी मी आहे! ती नाही. काय विचारायचंय ते मला विचारा."

ओट्यापाशी बाया जागीच थबकल्या. आत भांडी वाजायची थांबली.

सासूने मान फिरवली नाही. तळवे तसेच वर धरून ती म्हणाली, "तू चालव गं. उद्या त्यांना झोळ्या लागतील."